बोचक्याची गाठ

घडीमावशीच्या हातून आजवर एकही कापड जळलेलं नाही, असं ती स्वतः सांगायची. आणि एक जळलं होतं, असं तिच्या वन्सं सांगायच्या. या एवढ्या मतभेदावर दोघींचा संसार बरीच वर्षं सुखाने चालला होता. दोघींना जोडणारा माणूस, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा धाकटा भाऊ, केव्हाच वारला होता. मागे राहिली होती तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, एक वजनदार इस्त्री आणि या दोघी.

इमारतीतल्या बहुतेक घरांचे कपडे खाली येत. वन्सं पाणी शिंपडून त्यांच्या गुंडाळ्या करत, मावशी इस्त्री फिरवी, आणि तिने घातलेली घडी अशी बसे की शर्ट उलगडताना माणसाला आपण काहीतरी मोडतोय असं वाटावं. नाव त्यावरूनच पडलं. इस्त्री झालेल्या कपड्यांचं बोचकं बांधायचं काम पुन्हा वन्संचं. जुन्या चादरीची चार टोकं ओढून त्या अशी गाठ मारत की ती सोडायला लोकांना दात लावावे लागत. "जिन्यात एक मोजासुद्धा पडता कामा नये," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पडलाही नव्हता.

त्या दुपारी जेवण उरकून मावशी आतल्या खोलीत पलंगावर टेकली आणि मनगटाच्या वर पुन्हा खाजलं. गेले काही दिवस हे चाललंच होतं. तिने हात उजेडात धरला. तीन लाल गांधी, एकीशेजारी एक, अगदी ओळीत.

"डास," पलीकडच्या पलंगावरून वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या.

"डास असे रांगेत येऊन चावतात होय?"

"शिस्तीचे असतील."

"मग तुम्हाला कसे नाही चावत?"

"मला चावायला हिंमत लागते, वहिनी. झोप आता."

पण मावशीला झोप लागेना. तिला वाटत होतं, आपल्याला काहीतरी झालंय. तिची आई अशीच अंग खाजवत खाजवत पिवळी पडत गेली होती, आणि तेव्हाही सगळे आधी डासच म्हणाले होते. ती उठली. बसून विचार करण्यापेक्षा काहीतरी हातात घ्यावं म्हणून तिने उशीचा अभ्रा काढला, आणि कोपऱ्याशी तिला ठिपके दिसले.

डागांची तिला पारख होती. चहाचा, शाईचा, गंजाचा, पानाचा, रडून पुसलेल्या काजळाचा डागसुद्धा ती ओळखत असे, आणि ओळखूनही काही बोलत नसे. हा त्यातला नव्हता. सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके, कापडात शाई फुटावी तसे कडेने पसरलेले. आणि मधूनच एक फिकट तांबडी रेघ, कुणीतरी काहीतरी चिरडल्यासारखी. तिने अभ्रा नाकाशी नेला. गोडसर, शिळा वास. हा वास ती आठवडाभर घेत होती आणि वन्संच्या डोक्याच्या तेलाला मनातल्या मनात नावं ठेवत होती.

तिने गादी कडेने उचलली. शिवणीला जी दोरीसारखी जाड गोट असते, ती अंगठ्याने उलटी केली. आत काळ्या ठिपक्यांची गर्दी होती. फिक्या कागदासारखी पोकळ टरफलं होती, साखरेच्या कणाहून बारीक पांढरे दाणे होते. आणि सालासकट मसुराएवढं काहीतरी चपटं, तपकिरी, तिच्या अंगठ्यापासून दूर चालू लागलं. घाई न करता. आपल्याच घरात चालावं तसं.

मावशी ओरडली नाही. बायका उंदराला ओरडतात, पालीला ओरडतात; ढेकणाला ओरडत नाहीत, कारण शेजारी ऐकतील. तिने आधी जाऊन खिडकी लावून घेतली.

"काय गं? भूत बघितलंस?" वन्सं उठून बसल्या.

"भूत परवडलं असतं."

वन्संनी येऊन पाहिलं. मग त्यांनीही, न सांगता, दार लावून घेतलं.

बराच वेळ दोघी गादीकडे बघत उभ्या राहिल्या. इस्त्रीवालीच्या घरात ढेकूण. एवढं एक वाक्य जिना चढून वर गेलं की झालं. लोक आपले अंगातले कपडे हिच्याकडे देतात, उशांचे अभ्रे देतात, ते हिच्या हातच्या स्वच्छतेवर विश्वास ठेवून. उद्यापासून एक बोचकं खाली येणार नाही. आणि या वयात, इस्त्रीखेरीज दुसरं काही येत नसताना, दोघींनी करायचं काय?

"हे आपल्या दोघींखेरीज कुणाला कळता कामा नये," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या.

"आणि यांना?" मावशीने गादीकडे बोट दाखवलं.

"यांना काय, ते बोलतात थोडेच."

मग दोघी कामाला लागल्या. अभ्रे, पलंगांवरच्या चादरी उकळत्या पाण्यात गेल्या. वन्सं किटलीने पलंगाच्या सांध्यांत कढत पाणी ओतू लागल्या. मावशीने इस्त्री पुरती तापवली आणि गादीच्या शिवणीवरून, जन्मात कुणाच्या कॉलरवरून फिरवली नसेल इतक्या सावकाश, फिरवली. बारीक तडतड ऐकू येई आणि तो गोडसर वास एकदम दाट होई. मध्येच वन्संनी कुठूनशी रॉकेलची बाटली काढली.

मावशीने ती हिसकावून घेतली. "एका हातात तापलेली इस्त्री आणि एका हातात रॉकेल? ढेकणांबरोबर आपणही जाऊ."

"निदान कुणाला कळणार तरी नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांना हसू आलं. मावशीला आलं नाही.

एका गोष्टीचा मात्र तिला आधार होता. लोकांचे कपडे बाहेरच्या खोलीत असत आणि त्यातला एकेक चिंधीएवढा तुकडासुद्धा इस्त्रीखालून जात असे. इस्त्रीखालून काही जिवंत जात नाही, हे तिने आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे जे काही आहे ते आपल्या घरापुरतं, आपल्या अंगापुरतं. हे वाक्य ती पुढचे कितीतरी दिवस जपासारखं घोकत राहिली.

तेव्हापासून ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागली. उकाडा असा होता की टेबलाशी उभं राहिलं की पाठीवरून पाणी वाहायचं, पण बाही ती कोपरापर्यंतसुद्धा वर करीना. गंमत म्हणजे लोकांचीही त्या आठवड्यात तीच तऱ्हा. पहिल्या मजल्यावरचे हेडक्लार्क निवृत्त झाल्यापासून उन्हाळाभर अर्ध्या बाह्यांचे ढगळ शर्ट घालत. आता त्यांच्या बोचक्यात ऑफिसच्या जमान्यातले, मनगटाशी बटण लावायचे शर्ट येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरची पार्लरवाली बंद गळ्याचे झगे देऊ लागली. "फॅशन आली असेल," वन्सं म्हणाल्या. मावशीने मान हलवली आणि बाह्यांच्या घड्या घालत राहिली. घाबरलेल्या माणसाला आपल्या अंगापलीकडचं दिसत नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक तरुण शिक्षिका राहायची. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं. कितीतरी दिवस ते इस्पितळात काचेच्या पेटीत होतं, नाकात नळी, पायाला पट्टी. आता घरी आलं होतं, पण एवढंसंच. वन्संनी त्याचं नाव मूठभर ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, याच्या अंगाला लागणारं प्रत्येक कापड कडक इस्त्री केलेलं हवं. म्हणून मूठभरची झबली, दुपटी, लंगोट रोज खाली येत, आणि त्यांचं बोचकं मावशी रोज स्वतः वर नेऊन देई. शिक्षिका बाळाला उचलून घेई आणि म्हणे, "ठेवा ना पाळण्यातच, मावशी. आमच्या घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तीच." मावशीचा ऊर भरून येई. ती बोचकं गादीवर अलगद ठेवी, जणू तेच बाळ आहे.

एके दिवशी दार उघडलं ते शिक्षिकेने, पण तोंडावरचा रंग उडालेला.

"काय झालं गं?"

शिक्षिका काही न बोलता बाजूला झाली. बाळ मोठ्या पलंगावर उघडंच निजलं होतं. दंडावर, मांडीवर, कानामागे लाल ठिपके.

"परवापासून येतायत. ताप नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, पुरळ वाटत नाही. इतकं लहान आहे, रक्तातलं काही असेल तर आधी बघायला हवं. उद्या सकाळी भरती करा म्हणाले. सगळ्या तपासण्या." शिक्षिकेचा आवाज फाटला. "मागच्या वेळी डॉक्टरांना याच्या हातात शीर सापडली नव्हती, मावशी. डोक्यात सुई घातली होती. आता पुन्हा रक्त काढणार. याच्या अंगात रक्त आहेच किती?"

मावशी वाकली. दंडावरचे ठिपके तिने पाहिले. तीन, एका ओळीत. मग थोडी जागा सोडून आणखी दोन, त्याच ओळीत.

तिच्या बाहीच्या आत, अगदी तसंच काहीतरी खाजू लागलं.

"होईल बरं," तिच्या तोंडून निघालं. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. सवयीने तिने बोचकं पाळण्यात ठेवलं. ठेवलं आणि चटका बसावा तसं उचलून खुर्चीवर ठेवलं. कालच्या बोचक्याची रिकामी चादर शिक्षिकेने पुढे केली. ती घेऊन मावशी जिना उतरली. कठडा धरून, एकेक पायरी.

खाली आल्यावर ती स्वतःशीच भांडू लागली. आपल्याकडून कसं जाईल? झबलं इस्त्रीखालून गेलं. दुपटं गेलं. लंगोट दोन्ही बाजूंनी गेले. जिवंत काही जाणंच शक्य नाही. कदाचित डासच असतील. कदाचित खरंच रक्तातलं काही असेल. हे मनात आलं आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला, कारण क्षणभर, एकच क्षण, तिला ते तसं असावंसं वाटलं होतं.

हातातली चादर तिने टेबलावर टाकली. चार टोकं चुरगळून, पिळून, गाठीच्या आकारातच कडक झाली होती. वन्संची गाठ. ती सुटली तरी तिच्या सुरकुत्या सुटत नसत. मावशीने एका टोकाची सुरकुती दोन्ही अंगठ्यांनी उघडली.

काळे ठिपके. एक पोकळ टरफल. आणि अगदी आत, घडीत अंग चोरून बसलेला तो, मसुराएवढा.

मावशी खुर्चीवर बसली. आयुष्यभर तिने सगळ्या इमारतीचं सगळं काही इस्त्रीखालून काढलं होतं. फक्त ज्याच्यात ते बांधायचं, ती चादर कधी काढली नव्हती. बोचक्याच्या चादरीला इस्त्री कोण करतं? ती काय कुणाला अंगावर घालायची असते? त्या चादरींची चळत आतल्या खोलीत असायची, मावशीच्या पलंगाच्या पायथ्याशी, आणि त्यातली हाताला येईल ती उचलून वन्सं बांधत. आज हेडक्लार्ककडे गेलेली उद्या पार्लरवालीकडे, परवा मूठभरच्या पाळण्यात.

आणि मग एकदम तिला त्या बाह्या आठवल्या. मनगटाशी बटण लावलेले शर्ट. भर उन्हाळ्यात बंद गळे. तिच्या डोळ्यांसमोर जिना उभा राहिला, मजल्यावर मजला, आणि प्रत्येक मजल्यावर प्रत्येक दाराशी ती स्वतःच उभी, हातात गरम बोचकं, तोंडावर हसू. "ठेवा ना पलंगावर." "ठेवते."

वन्संनी सगळं ऐकलं. चादरींची चळत त्यांनी ओढून उन्हात आणली आणि एकेक टोक उघडून पाहिलं. सगळ्यांत नव्हतं. बऱ्याच चादरींत होतं.

"उद्या ते बाळाला भरती करणार," मावशी म्हणाली.

"मग चांगलंच आहे की. मोठं इस्पितळ आहे. चार डॉक्टर बघतील, म्हणतील किड्याचा चावा आहे, आणि घरी पाठवतील. तू कशाला मध्ये पडतेस?"

"आणि ते कळेपर्यंत किती सुया?"

वन्सं चादरीचं पुढचं टोक उघडू लागल्या.

"आणि घरी पाठवतील ते कुठे? त्याच पाळण्यात ना?"

"वहिनी, माझं ऐक." वन्संचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "तुला अजून कुठेतरी काम मिळेल. पोळ्या लाटशील, म्हातारी माणसं सांभाळशील. मला कोण ठेवील? मी तर स्वतःच सांभाळायला द्यायच्या वयाची." त्यांनी हातातलं टोक खाली टाकलं. "आणि गाठी तर मीच मारल्या ना."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत या बाईने आपली चूक म्हणून एक वाक्य उच्चारलेलं तिला आठवत नव्हतं. त्या जळलेल्या कापडाची आठवण मात्र त्या दर पंधरवड्याला काढत.

"तुम्हाला मी ठेवीन," ती म्हणाली. "काम असलं तरी, नसलं तरी. पण हे मूठभराचं ओझं मला झेपायचं नाही, वन्सं."

ती रात्र कशी गेली ते विचारू नये. सकाळी मावशीने लोणच्याची एक लहान काचेची बाटली धुऊन पुसली, गादीच्या शिवणीतून इस्त्रीलाही पुरून उरलेला एक ढेकूण कागदाच्या टोकाने तिच्यात ढकलला आणि झाकण घट्ट लावलं. वन्संनी ती बाटली हातात घेऊन पाहिली, आणि परत द्यायच्या आधी क्षणभर धरून ठेवली.

जिना रोजचाच होता. पण त्या सकाळी प्रत्येक बंद दाराआड कुणीतरी कान लावून उभं आहे असं तिला वाटत होतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर शिक्षिकेचा नवरा पिशवी घेऊन घाईने उतरताना भेटला. गाडी बघायला चालला होता. "आत आहे ती," एवढंच म्हणाला.

शिक्षिका बाळाला दुपट्यात गुंडाळत होती.

"थांब," मावशी म्हणाली. "हे आधी बघ." आणि तिने बाही कोपराच्या वर ओढली.

गांधी आता जुन्या, नव्या, सगळ्या मिसळून गेल्या होत्या, पण ओळी दिसत होत्या.

"आता याचा दंड बघ."

शिक्षिकेने पाहिलं. परत मावशीच्या हाताकडे पाहिलं. मावशीने बाटली पुढे केली. आतला प्राणी काचेवरून चढत होता आणि घसरत होता.

"ढेकूण?" शिक्षिका कुजबुजली.

दोघींनी मिळून पाळण्यातली गादी उचलली. खालच्या लाकडी पट्ट्या जिथे जोडल्या होत्या, तिथे फटीत तो होता. मावशीच्या घरचे चपटे होते. हा टपोरा, फुगलेला, लालभडक. ते रक्त कुणाचं, हे दोघींपैकी कुणी बोललं नाही.

शिक्षिका जमिनीवरच बसली. ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. "म्हणजे याच्या रक्तात काही नाही? मावशी, म्हणजे काही नाही ना?"

"ते डॉक्टर सांगतील, मी नाही. याला दाखवून आणच. पण बाटली बरोबर ने आणि सुई लावायच्या आधी त्यांच्यासमोर ठेव." तिने श्वास घेतला. "आणि ऐक. हे माझ्याकडून आलेत. बोचक्याच्या चादरीतून. झबली स्वच्छ होती गं, चादर नव्हती."

शिक्षिकेचं रडणं थांबलं. तिने वर पाहिलं, आणि त्या नजरेत रोजची "ठेवा ना मावशी" कुठेच नव्हती. मावशी वाट बघत उभी राहिली. आता ही ओरडेल. आता दार उघडून साऱ्या जिन्याला ऐकवेल. ऐकवू दे.

शिक्षिका उठली, दाराशी गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "कुणाला सांगू नका."

मावशीला कळेना, आपण काय ऐकलं.

"शाळेत मी रोज मुलांची नखं तपासते हो. कान बघते. आणि माझ्याच बाळाच्या पाळण्यात... लोक म्हणतील ही कसली आई? सासूबाईंना कळलं तर त्या मला जन्मभर ऐकवतील. यांनाही मी किडा म्हणूनच सांगणार. तुम्ही बोलू नका, मीही तुमचं नाव कुठे काढणार नाही. पाळण्याचं बघते मी."

"नाही सांगणार तुझ्या पाळण्याचं," मावशी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ती बाहेर आली. देवाने दार उघडून हवं ते हातात ठेवावं तसं झालं होतं. बाळ सुटलं होतं, कुणाला काही कळणार नव्हतं, बोचकी येत राहणार होती. मग छाती अशी का धडधडतेय?

पहिल्या मजल्यावर हेडक्लार्क दार उघडून वर्तमानपत्र उचलत होते. इस्त्रीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली.

"काय मावशी? आज सकाळी सकाळी वर?"

बोलता बोलता त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाशी गेला आणि बाहीवरूनच खाजवू लागला. मावशीची नजर तिकडे गेलेली त्यांना दिसली. हात थांबला. बाजूला झाला.

आणि मावशीला जे भय वाटलं ते त्या दुपारी गादी उलटल्यावर वाटलं होतं त्याहून मोठं होतं. हा म्हातारा एकटा, दार लावून, अंग खाजवत बसतो. वर ती पोर दार लावून बसली. खाली आम्ही दोघी दार लावून. प्रत्येक जण आपल्या घरची खिडकी लावून पाणी उकळतोय, आणि भिंतीच्या फटींतून, दाराखालून ते आपले एका घरातून दुसऱ्या घरात निवांत फिरतायत. मूठभर आज घरी येईल. पाळणा धुऊन ठेवलेला असेल. महिन्याभराने परत कुठून तरी येतील. त्यांना काय, ते बोलतात थोडेच.

तिने पाळण्याबद्दल शब्द दिला होता. स्वतःच्या गादीबद्दल कुणाला दिला नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, आणि बाही वर केली. "माझ्या घरात ढेकूण झालेत. बोचक्यांच्या चादरीतून सगळीकडे गेले असतील."

आवाज जिन्यात घुमला. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडं वाजायचं थांबलं. हेडक्लार्कनी तिच्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, वर्तमानपत्र काखेत मारलं आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज तिने नीट ऐकला.

झालं. तिने कठडा धरला. खाली जाऊन वन्संना काय सांगायचं, याची जुळवाजुळव ती करत होती, तेवढ्यात कडी पुन्हा सरकली. दार हातभर उघडलं. हेडक्लार्कनी मनगटाची बटणं काढली होती. बाही ते वर गुंडाळू लागले.

"हे बघा," ते म्हणाले. मनगटापासून कोपरापर्यंत जागा शिल्लक नव्हती. "मला वाटलं, आमच्याच घरात. बायको गेल्यापासून मला घर ठेवता येत नाही, म्हणून. रोज गादी उन्हात टाकतो हो."

"उन्हाने नाही मरत ते. आत शिरतात."

"मग काय करायचं?"

"सगळ्या घरांत एकदम करायचं," मावशी म्हणाली. "एकाने करून भागणार नाही. तुम्ही माझ्याबरोबर वर चला. माझं एकटीचं कोण ऐकणार?"

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. पार्लरवालीने दारातच आवाज चढवला, "तुमच्यामुळे!" आणि तो तीन मजले गेला, तिच्या मानेवर पावडरीचा थर बोटभर होता, पण तिच्या घरात म्हणे काहीच नव्हतं. औषध फवारणारा माणूस आला तेव्हा मात्र पहिला पलंग तिनेच बाहेर काढून दाखवला. तो माणूस सगळ्या घरांतून हिंडला, सांधे, फटी, तसबिरींच्या मागे, सगळीकडे. आणि अंडी मागाहून फुटतात म्हणून काही दिवसांनी परत आला. त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये इस्त्री थंड होती. कुणी बोचकं आणलं नाही. वन्सं रिकाम्या टेबलावर पाणी शिंपडून पुसत बसत, हाताला सवय म्हणून. जिन्यात पाऊल वाजलं की दोघी मान वर करत, आणि पाऊल पुढे निघून गेलं की खाली.

मूठभरला एकही सुई लागली नाही, हे मावशीला हेडक्लार्ककडून कळलं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, आणलीत ते फार बरं केलंत. शिक्षिका मात्र खाली आली नाही. जिन्यात भेटली तरी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेई.

हळूहळू काही घरं परत आली, काही आली नाहीत. पार्लरवालीचं बोचकं कायमचं बंद झालं. मग एका दुपारी दारात शिक्षिका उभी. खांद्यावर मूठभर, आता तो मूठभर राहिला नव्हता, चांगला ओंजळभर झाला होता. दुसऱ्या हातात कपडे. ते तिने टेबलावर ठेवले, वर ज्याच्यात बांधायचे ती चादर.

"आधी ही," ती म्हणाली.

मावशीने चादर पसरली. इस्त्री पुरती तापू दिली. मग चारही टोकं, एकेक करून, उलटी-सुलटी, कुणाच्या लग्नाचा शर्ट असावा तशी दाबून काढली. शिक्षिका शेवटच्या टोकापर्यंत बघत उभी राहिली. तिने मान वळवली नाही, आणि मावशीला त्याचं वाईटही वाटलं नाही.

वन्सं आता गाठ मारत नाहीत. चार टोकं नुसती एकावर एक दुमडतात. जिन्यात हटकून एखादा मोजा पडतो, आणि तो उचलून आणताना त्या मावशीला चार गोष्टी ऐकवतात. त्या जळलेल्या कापडाची गोष्टही त्यात असते.

आणि मावशी रोज दुपारी टेकायच्या आधी गादी कडेने उचलते, शिवणीची गोट अंगठ्याने उलटी करते आणि उजेडात बघते. काही नसतं. मग ती पलंगाला वळसा घालून दुसरी बाजू बघते.